घाईनं दिलेलं नाव

आउसुइत्तुक, कॅनडा, १२ नोव्हेंबर

श्रीमती ताबिता यांस,
संयुक्त समुद्र समिती, कानाक, ग्रीनलंड.

आपण पाठवलेला नकाशा आणि योजनेचा मसुदा मिळाला. आमच्या गावातर्फे समितीवर मी आहे आणि पलीकडच्या किनाऱ्याशी पत्रव्यवहार मीच करायचा असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे जोआमीनं ठरवलं, आमच्या अध्यक्षानं. मी त्याला भर बैठकीत म्हटलं, "ती बाई माझी सख्खी धाकटी बहीण आहे आणि आमचं बोलणं बंद आहे." तर म्हणतो कसा, "मग तर फारच छान. भांडलेली माणसं कागद नीट वाचतात."

तेव्हा नीट वाचला. वॉलरसांची उथळ जागा आपण फार दक्षिणेला दाखवली आहे. आमच्या शिकाऱ्यांना विचारलं तर ते हसले. जहाजांना बंदी फक्त उन्हाळ्यापुरती लिहिली आहे, ती बारमाही हवी. ते पाणी मधोमध गोठतच नाही, म्हणून तर सगळे जीव हिवाळ्यात तिथं श्वास घ्यायला गोळा होतात. आणि हिवाळ्यातच भोवतीचा बर्फ फोडत जहाजं घातली तर त्यांनी जायचं कुठं? हे आपल्यासारख्या शाळेच्या बाईंना मी सांगायला नको.

कलम नऊ मात्र बरोबर उतरलं आहे, त्याला हात लावू नये. दोन्ही किनाऱ्यांवरच्या आपल्या माणसांना उत्तरेच्या बर्फावरच्या जुन्या वाटेनं, पासपोर्टाशिवाय, पूर्वीसारखं जाता-येता यावं. हे कलम राहिलंच पाहिजे असं आमच्या गावाचं म्हणणं आहे. यात माझा स्वतःचा काही हेतू नाही.

आणखी एक. सामुद्रधुनी जिथं अरुंद होते, तिथं आपण पेन्सिलीनं एक बारीक गोल काढून शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं आहे. तो गोल मी खोडला. तिथं काही नाही.

फोन करू नये. फोन केला की मागून घरातले आवाज येतात.

लेटिया


आउसुइत्तुक, ६ जानेवारी

ताबिता,

तुझं पत्र आलं. कानाकहून इथं यायला पत्राला कोपनहेगन आणि ओटावा फिरून यावं लागतं, तसं ते फिरून, थकून आलं. बाबा हेच अंतर कुत्र्यांच्या गाडीवर कापायचे, वाटेत सील मारून खायचे, आणि एका खेपेला तर तुला तिथं नवराही बघून आले. आता अर्धं जग फिरून कागद येतो, आणि त्यावर तू लिहितेस, "ताई, मी फक्त बाबांचं नाव दिलं."

मग मी पण 'आपण-बिपण' सोडते. मला ते जमतही नाही.

बाबांच्या नावावर तुझा हक्क आहे. कोण नाही म्हणतंय? पण बाबांना जाऊन किती वर्षं झाली? तुला स्वतःला तीन पोरं झाली, तेव्हा नाही आठवलं ते नाव? माझा मुलगा झाला तेव्हा बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हणून बाबांचं नाव त्याच्यात आलं, तो उयाराक. माझ्या कोटाच्या पाठीवरच्या टोपीत बसायचा तेव्हापासून मी त्याला बाबा म्हणाले आणि तो मला पोरी म्हणाला. मिसरूड फुटलं नव्हतं अजून, आणि हा बाप मला दटावायचा, "पोरी, चहात साखर कमी घाल, दात पडतील." मी म्हणायची, "बाबा, तुम्हीच लहानपणी मला साखर चारलीत." मग दोघंही हसायचो. तू ऐकलंयस हे. वाट बंद होण्याआधी, तुझ्याच घरी बसून ऐकलंयस.

आता तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस सांगते. तू तिथं नव्हतीस, आणि तुला कुणी सांगितला असेल असं वाटत नाही.

तो तुमच्याकडे यायला निघाला होता. तुझ्या मुलाकडून, मासाउनाकडून, गाडीच्या पुढं धावणारी कुत्री आणायची होती त्याला, आणि तुझ्या लेकीचं, आवियाचं, बाळंतपण जवळ आलेलं, तेही बघायचं होतं. विमानानं जाण्याएवढी ऐपत नाही, बर्फावरून जायची आता परवानगी नाही. त्यामुळं गाजावाजा न करता निघाला. मग ते वारं सुटलं. त्याची स्कीडू, बर्फावरची मोटारगाडी, बर्फाच्या कडेला सापडली, तो सापडला नाही.

गाडी सापडली म्हणजे माणूस मेला असं होत नाही. बर्फाचा तुकडा सुटतो, माणसाला घेऊन वाहत जातो, पुढं कुठं तरी किनाऱ्याला लागतो. बाबा नव्हते का आले असे परत? आई रडून रडून दमली होती आणि हे दारात उभे राहून म्हणाले, चहा ठेव. मी तेच धरून बसले होते. माझ्या घरात सगळे शोधायला जाणारे जमले होते, मी त्यांच्यासाठी बॅनकच्या जाड रोट्या तळत होते, रेडिओ चालू होता. आणि तुमच्या बाजूचा कुणी तरी खूश होऊन ओरडला, "कानाकला आवियाला मुलगी झाली हो! नाव ठेवलं उयाराक!"

स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं होतं. जोआमीनं हातात चढवलेले मोजे काढून टेबलावर ठेवले. माझ्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

दुसऱ्या दिवशी शोधायला निम्मी माणसं आली, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. त्यांना मी दोष देत नाही. नाव नव्या देहात गेलं म्हणजे आधीचा देह रिकामा झाला, हे त्यांनाही माहीत, मलाही. रिकाम्या देहासाठी जिवंत माणसानं पातळ बर्फावर का जावं?

तू त्याला बुडवलंस असं मी म्हणत नाही, ताबिता. तू त्याचा शोध थांबवलास.

तू लिहितेस की बाळ दोन दिवस रडत होतं, छातीला लागत नव्हतं. म्हातारीनं एकेक नाव घेऊन पाहिलं, आणि उयाराक म्हटल्याबरोबर ते गप्प झालं आणि प्यायला लागलं. असेल. भुकेलेलं पोर कधी तरी पितंच. दोन दिवस रडलं, आणखी चार दिवस रडू द्यायचं होतंस. माझ्यासाठी एवढं नाही करवलं तुला?

पाकिटात पोरीचा फोटो होता. मी पाहिला नाही. कॅलेंडरमागे उलटा खोचून ठेवलाय.

वॉलरसांची जागा दुरुस्त केल्याबद्दल आभार.

लेटिया


आउसुइत्तुक, २ मार्च

ताबिता,

सूर्य परत आला. डोंगराच्या खांद्यावरून डोकावतो आणि लगेच जातो, पण आला.

परवाच्या बैठकीत तू पडद्यावर दिसलीस. केस केवढे पांढरे झालेत तुझे! मला बघून तू चष्मा पुसायला घेतलास आणि पुसतच बसलीस. मी जोआमीला म्हटलं, आवाज वाढव. आवाज नीटच होता, मला काही तरी बोलायचं होतं.

पाण्याच्या नावावरून काय तमाशा झाला तो! तुमचे ते म्हातारे म्हणतात 'मोठं उसळतं पाणी' लिहा, आमचे म्हणतात 'न गोठणारं'. अरे, एकाच पाण्यातला सील खाऊन वाढलात ना दोघं? शेवटी दक्षिणेकडून अभ्यासाला आलेली ती देवमासेवाली मुलगी हळूच म्हणाली, "दोन्ही नावं लिहू या का?" जोआमी म्हणाला, "बाई, तुझं शिक्षण अगदीच वाया गेलं नाही." बिचारी लाल झाली. मुलगी चांगली आहे. गोठलेलं मांस आमच्याबरोबर जमिनीवर बसून खाते आणि आवडल्याचं नाटक करत नाही.

आता एक गोष्ट सांगते, पण लगेच मनात मांडे खाऊ नकोस. उयाराकचे जादा हातमोजे घरात होते. मीच शिवलेले, मनगटाला अस्वलाची लव लावलेले. कातडं नुसतं पडून वाया चाललं होतं म्हणून उसवले आणि लहान केले. तीन वर्षांच्या पोराच्या हाताला होतील एवढे. ते घेऊन पोस्टात गेले. काउंटरवरची पोरगी विचारते, "आत काय आहे?"

"हातमोजे."

"ही लव अस्वलाची का, मावशी? मग परवाना लागेल. आपल्या देशाचा आणि त्यांचाही."

मी म्हटलं, "परवा ते अस्वल तुझ्याच दाराशी हुंगत होतं. ते इथून चालत पलीकडे जाईल, तिकडं सील खाईल, तिकडंच पोरं काढेल. त्याला विचारलास परवाना?"

"त्याचं पार्सल नाही ना करायचं मला," म्हणाली. रांगेतले सगळे हसले. मला हसू आलं नाही. मोजे घेऊन घरी आले.

आणि माझं स्वतःचंही पार्सल होत नाही. पासपोर्टचा अर्ज पुन्हा परत आला. तंबूत जन्मले मी, तिथं कोण तारीख लिहून ठेवणार? सरकारनं अंदाजानं एक लिहिली, मिशनच्या पाद्रीनं दुसरी लिहिली. आता ओटावातला माणूस म्हणतो, यातली तुम्ही कोणती? मी म्हटलं, "साहेब, जी तुमच्याशी बोलतेय ती." तो म्हणतो, पुरावा पाठवा.

म्हणून कलम नऊ, ताबिता. स्वतःचा हेतू नाही असं लिहिलं होतं ना मी, ते खोटं होतं. तुला तेव्हाच कळलं असणार.

तेवढं एक सांग. ती छोटी झोपते कशी?

लेटिया


आउसुइत्तुक, २१ एप्रिल

तबू,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतच बसून राहिले, चुलीवरचा चहा आटून गेला.

एक पाय पांघरुणाबाहेर! कितीही थंडी असो, कितीही वेळा झाका, एक पाय बाहेर. मी हे तुला कधी सांगितलं होतं का? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. सांगितलं असेन. नसेनही. आता मला ते नक्की करायचंच नाही.

मग उठून कॅलेंडरमागचा फोटो काढला. काय गं तिचं नाक! आपल्या आईचं नाक घेऊन आलेत की बाबा. आणि कपाळावर आठी. त्याची फोटो काढताना पडायची तीच, 'लवकर उरका' असं म्हणणारी.

तू लिहितेस, ती तुला पोरी म्हणून हाक मारते आणि विचारते, "माझी दुसरी पोरगी कुठं आहे?" तूच शिकवलं असशील. शाळेची बाई ना तू, पढवून घेतलं असशील. पण शिकवलंस ते बरं केलंस. तिला सांग, दुसरी पोरगी म्हातारी झालीय, हट्टी आहे, पण येणार आहे.

मी सगळं ठरवून टाकलंय. या उन्हाळ्यात योजना मंजूर झाली की पुढच्या वसंतात बर्फ धरला की निघायचं. जोआमीचा पुतण्या कुत्री चांगली हाकतो, तो येतो म्हणालाय. "मावशी, तुम्ही वजनदार आहात, दोन कुत्री जास्त जोडावी लागतील," म्हणाला मेला. मासाउनाला सांग अरुंद जागेच्या तुमच्या बाजूला भेटायला ये. मोजे गळ्यात दोरीला अडकवून आणीन. बर्फावर कोण परवाना मागतो? आणि मक्ताक आणीन, देवमाशाचं चरबीसकट कातडं, तुमच्याकडच्या कॉफी आणि केकनं पोराचं पोट कसं भरायचं?

राग गेला असं समजू नकोस. तो आहे. सकाळी उठले की असतो, पाणी भरताना असतो. पण आता त्याच्या शेजारी दुसरं काही तरी येऊन बसलंय.

फक्त तो गोल परत काढू नकोस. मासाउना म्हणतो तिथला बर्फ दगाबाज आहे, नकाशावर खूण हवी, नाव हवं. असेल त्याचं बरोबर. पण नाव लिहिलं की संपलं. पुढच्या वर्षी मी तिथून जाईन, माझ्या डोळ्यांनी बघेन, मग सांगेन काय लिहायचं ते.

तुझी ताई


आउसुइत्तुक, २९ मे

तबू,

दोन्ही राजधान्यांचं उत्तर तुलाही मिळालंच असेल. जोआमीनं मोठ्यानं वाचलं आणि कागद टेबलावर आपटला.

देवमासे मान्य. वॉलरस मान्य. पक्षी, अस्वलं, बर्फाखालचं शेवाळसुद्धा मान्य. माणसं नामंजूर. सीमेच्या सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणे. कलम नऊ काढलंत तर दोन्ही देश सही करतील. नाही काढलंत तर योजना पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर शरद ऋतूत त्या खाणवाल्या कंपनीच्या अर्जाचा निकाल लागेल. मग बारा महिने बर्फ फोडणारी जहाजं त्याच पाण्यातून जातील.

मी जोआमीला विचारलं, "म्हणजे देवमाशाला पलीकडं जायला कुणी अडवणार नाही?"

"नाही."

"आणि मला?"

त्या दिवशी मोजे काढून ठेवताना होतं तसं तोंड केलं त्यानं.

तू लिहिलंयस, "ताई, आपण दोघी नाही म्हणू. सहा जणांतल्या एकाचा जरी नकार असला तरी कागद पुढं जात नाही. इथं दोघींचा आहे." वाचून बरं वाटलं. लहानपणी मी आईच्या डब्यातली साखर चोरायचे आणि तू दारात उभी राहायचीस, तशी उभी राहिलीस. तुझ्यावर तिथं दबाव येतोय हे मला कळतं. तुमच्या गावाला वॉलरस आमच्याहून जास्त लागतो.

मी नाही म्हणणार आहे. अगदी पक्कं. इतके जण येऊन सांगून गेले, समुद्राचा विचार कर. अरे, समुद्रानं माझा केला का? माझं एवढंच मागणं आहे, एकदा त्या पोरीसमोर बसायचंय, तिनं मला पोरी म्हणायचंय, मी तिला बाबा म्हणायचंय. तेवढ्यासाठी देवमासे थांबतील आणखी दोन वर्षं.

ताई


आउसुइत्तुक, १८ जून

तबू,

तू फोन केलास, मी उचलला नाही. रागानं नाही. तुझा आवाज ऐकला असता तर रडले असते, आणि रडत बोललेलं मला नीट सांगता येत नाही. म्हणून लिहिते. पडद्यावर तुला सगळं दिसलं नाही, ते सांगते.

मी नाही म्हणायलाच गेले होते. चांगला कोट घातला होता. तुम्ही तिकडचे एकेक बोललात, तू ठाम आवाजात "माझा नकार" म्हणालीस, आणि माझ्या मनात आलं, बघा, ही माझी बहीण. आता माझं म्हणायचं आणि घरी जायचं.

मधे ती देवमासेवाली मुलगी उठली. मतदानाआधी एक ऐकवायचं आहे म्हणाली. बर्फाखाली त्यांनी माइक सोडला होता, हिवाळाभर, त्याचा आवाज. तुम्हाला तिकडं खरखरत ऐकू आला म्हणतात. इथं खोलीत फार स्वच्छ होता.

आधी नुसतं पाणी. मग बर्फाचं कण्हणं. मग दाढीवाल्या सीलची ती शीळ, वरून खाली घरंगळत येणारी, बाबा वल्हं पाण्यात बुडवून त्याचा दांडा आपल्या दाताला लावून ऐकवायचे ती. मग देवमासे. ते बोलत नाहीत तबू, ते गातात. एक थांबला की दुसरा उचलतो. जोआमीनं डोळे मिटले होते. मला वाटलं, किती शांत आहे तिथं, आणि तरी एकटं नाही वाटत.

मग तिनं दुसरा आवाज लावला. तीच जागा, जहाज जाताना. मी कानांवर हात ठेवले. गाणारे सगळे गप्प झाले. जहाज गेल्यावरही कितीतरी वेळ गप्पच होते.

मी विचारलं, "ही जागा कुठली?"

ती नकाशापाशी गेली आणि तिनं बोट ठेवलं. मी खोडलेला गोल होता ना तुझा, कागद तिथं अजून खरबरीत आहे. बरोबर तिथं.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "तिथं माझा मुलगा आहे."

आहे म्हणाले मी. तीन वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. बर्फावर आहे, कुठल्या तरी किनाऱ्यावर आहे, येईल, चहा ठेव म्हणेल, हेच चाललं होतं माझं. आणि भर सभेत, चांगला कोट घालून, मीच सांगून मोकळी झाले की तो पाण्यात आहे.

जोआमी म्हणाला, "लेटिया, आज नको. पुढच्या आठवड्यात घेऊ मत."

मी म्हटलं, "नको. त्याच्या अंगावरून जहाजं जाऊ देऊ का मी? माझं हो लिहा."

मग तू पडद्यावर दोन्ही हातांत तोंड लपवलंस. जोआमीनं विचारलं, "ताबिता, तुझा नकार कायम?" तू हात खाली घेतलेस. मग म्हणालीस, "ताई म्हणेल ते." तबू, एवढं बोलायला तुला काय पडलं असेल ते मला ठाऊक आहे. माझ्यासाठी तुझ्या दारात कायमचा अडसर घातलास आणि तोही मी सांगितलं म्हणून.

झालं. कलम नऊ गेलं. पाण्याला दोन नावं मिळाली, जहाजं बाराही महिने बंद, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडं बघून थांबवल्या. समितीचं काम संपलं, आता पुढचं साहेबलोक बघतील. पासपोर्टसाठी मी पुन्हा लिहीन, पण तो ओटावावाला मला जन्मू देईल असं दिसत नाही. माझं वयही आता थांबायचं राहिलेलं नाही, आणि अर्धं जग फिरून पोरीला इकडं आणण्याएवढे पैसे तुमच्याकडंही नाहीत. जोआमीचा पुतण्या येऊन म्हणाला, "मावशी, चोरून जाऊ या." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. एक गेला तेवढा पुरे.

तो गोल आता काढ. पेन्सिलीनं नको, शाईनं काढ. मासाउना म्हणतो तसं धोक्याची खूण कर आणि त्याचं नाव लिही, वाटेनं जाणाऱ्याला कळू दे.

आणि एक. तू घाई केलीस असं मी जन्मभर म्हणणार होते. त्या दिवशी ते गाणं ऐकताना मला वाटलं, नाव कदाचित वेळेवरच निघालं होतं. गार पाण्यात किती वेळ थांबायचं त्यानं? त्याला ऊब हवी होती, जवळचं दार तुझं होतं. मी रडत होते म्हणून त्यानं बाहेर थांबायचं का? पण तू मला आधी सांगायला हवं होतंस गं. एवढं मात्र सांगायला हवं होतंस.

सोबतची चिठ्ठी तिला वाचून दाखव. मधे मधे रडू नकोस, तिला कळणार नाही काय चाललंय.

तुझी ताई


त्याच पाकिटातली चिठ्ठी

बाबा,

मी तुमची दुसरी पोरगी. मला यायला जमत नाही. तुम्ही विचारत होता म्हणून कळवते. मध्ये एक मोठं पाणी आहे, त्यात देवमासे गातात, त्यांना कुणी त्रास देणार नाही अशी सोय मी आणि ताबितानं केली आहे. मोठे व्हाल तेव्हा कान लावून ऐका.

मोजे पाठवतेय. अस्वलाची लव काढली आणि आपल्या म्हाताऱ्या कुत्रीची लावली. तिला परवाना लागत नाही. तुम्ही तिला ती पिल्लू असताना ताटातलं चोरून द्यायचात, तीच ती. मेली गेल्या महिन्यात, झोपेतच.

आता एक वेगळं सांगते. आयुष्यभर तुला मी बाबा म्हणाले. नावाचा मान होता तो, आणि मला आवडायचंही. पण त्यामुळं एक राहून गेलं. मी तुला एकदाही पोरा म्हणून हाक मारली नाही. तू गेलास त्या सकाळीसुद्धा दारातून ओरडले ते, "बाबा, मोजे घातले का?" असंच.

पोरा, मोजे घाल. कितीही मजा वाटली तरी बर्फात उघड्या हातानं खेळू नकोस. दर वर्षी सूर्य परत आला की कागदावर पंजा ठेव, ताबिताला म्हणावं भोवती पेन्सिलीनं रेघ मार, आणि तो कागद मला पाठव. मी त्या मापाचे शिवीन.

तुझी आई